बोलणारी नदी चालते, मग घोडा का अडतो?

प्रश्न : गेली चार वर्षं मी एक अद्भुत कादंबरी लिहितेय. राज्य काल्पनिक आहे. त्यात बोलणारी नदी आहे, पंखवाले साप आहेत, मेलेल्यांचे हिशेब मिटवणारा एक कारकून आहे. हस्तलिखित एका मैत्रिणीला वाचायला दिलं. ती इतिहास शिकलेली आणि वर घोडेस्वारी करणारी, म्हणजे माझं दुर्दैव दुहेरी. नदी बोलली, साप उडाले, बाई काही म्हणाल्या नाहीत. पान 63वर माझा दूत राणीचा निरोप घेऊन एकाच घोड्यावर तीन दिवस, तीन रात्री न थांबता दौडत दोनशे कोस जातो. तिथे समासात पेन्सिलीनं लिहिलंय, 'इथे मी बाहेर पडले.' पुढे मक्याच्या शेताला फुली, राणीच्या महालातल्या काचेच्या खिडकीला फुली, धनुर्धरांच्या प्रसंगाला दोन फुल्या. माझी सेनापती बाई आहे, तर तिथे 'असं नसायचं.' मी विचारलं, अगं, जिथे नदी बोलते तिथे घोडा तीन दिवस धावला तर काय बिघडलं? ती म्हणाली, 'ते मला नीट सांगता येत नाही, पण बिघडलं.' आता तुम्हीच सांगा, सगळंच खोटं असलेल्या गोष्टीत इतिहासाची चूक ही चूक धरायची का?
— एक वैतागलेली लेखिका

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आधी त्या मैत्रिणीबद्दल. तिच्याशी भांडू नका. 'आवडलं नाही', 'छान आहे', 'थोडं लांबलंय' असं सांगणारे वाचक हवे तितके मिळतात. आपण नेमके कोणत्या ओळीवर गोष्टीतून बाहेर पडलो, हे पान क्रमांकासकट सांगणारा वाचक फार क्वचित भेटतो. आणि तिचं वाक्य पुन्हा वाचा. 'हे चूक आहे' असं तिनं लिहिलेलं नाही. 'मी बाहेर पडले' असं लिहिलंय. म्हणजे 62 पानं ती आत होती. पहिल्या कादंबरीला ही कमाई थोडी नाही.

आता तुमचा प्रश्न. इंग्रज कवी कोलरिजनं 1817 साली या गोष्टीला एक नाव दिलं. वाचक स्वखुशीनं आपला अविश्वास तेवढ्यापुरता बाजूला ठेवतो, असं तो म्हणाला. आपल्या भाषेत, वाचक दारातून आत येताना अविश्वास खुंटीला टांगतो. पण टांगतो, फेकून देत नाही. आणि सगळाच्या सगळा टांगतो असंही नाही. तुम्ही जेवढं मागता तेवढाच काढून ठेवतो. नदी बोलते असं तुम्ही पहिल्याच प्रकरणात सांगितलंत. वाचक म्हणाला, बरं, बोलू दे. साप उडतात म्हणालात, तेही त्यानं मान्य केलं. पण या दोन गोष्टी सोडल्या तर तुमच्या राज्यात पाणी उताराकडेच वाहतं, माणसांना भूक लागते, लाकूड जळतं, बाळं नऊ महिन्यांनीच जन्मतात. यातलं काहीही तुम्ही लिहिलेलं नाही. कोणीच लिहीत नाही. लिहायची गरज पडत नाही, कारण तुम्ही रिकामं सोडलेलं सगळं वाचक त्याला ठाऊक असलेल्या जगातून भरून घेतो.

खरी मेख इथे आहे. 'राजवाडा', 'तटबंदी', 'धनुष्य', 'दूत' असे चार शब्द तुम्ही लिहिता आणि वाचकाच्या डोळ्यांपुढे एक अख्खा काळ उभा राहतो. अंधारे जिने, पलित्यांचा धूर, चिखलाचे रस्ते, बातमी पोचायला लागणारे दिवस. हे सगळं तुम्ही इतिहासाकडून उसनं आणलंय. हरकत नाही, सगळेच आणतात. नाहीतर प्रत्येक कादंबरीची पहिली दोनशे पानं जग मांडण्यातच जातील. पण उसनं आणलेलं भांडं आपण न सांगता ठोकून वेगळ्या आकाराचं केलं, की ज्याच्या घरात तसलंच भांडं आहे त्याला ते लगेच कळतं. नदी तुमची आहे, तिनं काय करायचं ते तुम्ही ठरवा. घोडा मात्र उसना आहे.

आणि घोडा काय चीज आहे ते तुमच्या मैत्रिणीला मांडीखालून ठाऊक आहे. भरधाव घोडा काही किलोमीटर जातो, मग त्याचा दम संपतो. लांबच्या प्रवासात चाल आणि दुडकी आलटून पालटून ठेवली तर दिवसाला चाळीस-पन्नास किलोमीटर हा शहाणा हिशेब. साडेचारशे किलोच्या घोड्याला रोज नऊ-दहा किलो चारा-दाणा लागतो, पंचवीस-तीस लिटर पाणी लागतं, आणि चरायचं म्हटलं तर तासन् तास लागतात. कोस साधारण तीन किलोमीटरचा धरला तर तुमच्या दूतानं एकाच जनावरावर रोज दोनशे किलोमीटर काढले. पहिल्याच रात्री घोडा कोसळला असता आणि निरोप रस्त्यातच राहिला असता.

ज्यांना खरोखर घाई होती त्यांनी काय केलं ते पाहा. प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनं इराणी सम्राटांच्या राजमार्गाचं वर्णन केलंय. सार्डिसपासून सूसापर्यंत 111 ठाणी, पायी जाणाऱ्याला 90 दिवस. निरोप मात्र घोडे आणि स्वार बदलत बदलत पुढे जायचा. 1860-61मध्ये अमेरिकेत जी घोड्यांची टपाल चालली, तिनं सुमारे 3,000 किलोमीटर साधारण दहा दिवसांत कापले, पण दर पंधरा-पंचवीस किलोमीटरवर ताजा घोडा तयार ठेवून. घोड्याच्या जगात वेग हा असा ठाण्यांतून येतो. तबेले, चारा, राखणदार, सगळ्यांचे पगार आणि हे सगळं चालू ठेवणारी सत्ता.

आता माझा मुद्दा बघा. हे वाचून तुम्हाला काही सुचलं का? तुमच्या राणीची ठाणी कोणाच्या ताब्यात आहेत? सीमेवरच्या सरदारानं चौथ्या ठाण्यावरचे घोडे आधीच हलवले असतील तर? तुमचा दूत थकलेल्या जनावराचा लगाम धरून रिकाम्या तबेल्यात उभा आहे, गव्हाणीत कालचा चारा तसाच पडलाय, आणि राणीला दगा झाला हे त्याला आपल्या आधी कळलंय. तुमचं पान 63 सध्या 'तो दौडत राहिला, दौडत राहिला' एवढंच सांगतं. मी तरी तबेल्याचं पान वाचीन.

हे तोंडी शहाणपण नाही, अंगावर आलेलं आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी मी एक अद्भुत कथा लिहिली होती. तलवारी, शाप, झाडात कोंडलेला राजपुत्र, सगळं होतं. गुहेत अडकलेली माझी नायिका बाहेर पावलांचा आवाज ऐकते आणि 'तिनं काडी ओढली. गुहा उजळली.' कथा छापून आली. मी खूश. आठवड्यानं एक पोस्टकार्ड आलं. मजकूर एका ओळीचा, 'बाईंनी काडेपेटी कुठून आणली?' खाली सहीदेखील नाही. झाडातल्या राजपुत्राबद्दल त्या गृहस्थांची काडीइतकीही तक्रार नव्हती, बरं का. मी दोन दिवस चिडले, मग शोधायला बसले. घासून पेटणारी काडी जॉन वॉकर नावाच्या इंग्रज औषधविक्रेत्यानं 1826च्या सुमारास बनवली आणि 1827मध्ये विकायला काढली. माझ्या तलवारी त्याच्या कित्येक शतकं आधीच्या.

मग तो प्रसंग चकमकीवर पुन्हा लिहिला. चकमक, पोलादाचा तुकडा आणि आधीच जाळून काळी केलेली चिंधी. गारगोटीच्या धारेवर पोलाद खरवडून मारायचं, ठिणगी चिंधीवर पडली पाहिजे, चिंधीनं ती धरली पाहिजे, मग वाळल्या गवताच्या पुंजक्यात ठेवून हळू फुंकर घालायची. जोरात फुंकली तर विझते. चिंधी दमट असेल तर धरतच नाही. माझी नायिका नदी ओलांडून आलेली. म्हणजे चिंधी ओली की कोरडी, या एका प्रश्नावर तिचा जीव टांगलेला, आणि दगडावर पोलाद मारलं की आवाज होणार, बाहेरच्याला तो ऐकू जाणार. पूर्वी जो प्रसंग दोन वाक्यांत उरकला होता त्याचं दीड पान झालं, आणि कथेतलं तेवढंच दीड पान आज मला वाचवतं. त्या पोस्टकार्डवाल्या गृहस्थांना मी मनातल्या मनात अजून काका म्हणते.

तेव्हा 'सगळंच खोटं आहे' हा बचाव सोडून द्या. तुमच्या कादंबरीत दोन जातींचं खोटं आहे. एक तुम्ही जाणूनबुजून सांगितलेलं, दुसरं नकळत निसटलेलं. नदीच्या बाबतीत वाचकाला समजतं की लेखिकेला नद्या बोलत नाहीत हे ठाऊक आहे आणि तरी ती बोलवतेय. घोड्याच्या बाबतीत त्याला संशय येतो की लेखिकेला घोडा ठाऊकच नाही. एकदा हा संशय शिरला की तो मागे जाऊन नदीपर्यंत पोचतो. मग पंखवाल्या सापांच्या पंखांची लांबी मोजली जाते. तुमच्या मैत्रिणीनं पान 63नंतर सटासट फुल्या मारल्यात, त्याआधी एकही नाही, हे तुमच्या लक्षात आलं का? पहिल्या 62 पानांत चुका नव्हत्या असं मला वाटत नाही.

अद्भुत कादंबऱ्या लिहिणाऱ्या इंग्रज लेखक टोल्किनच्या बाबतीतली एक गोष्ट मला फार आवडते. 'द हॉबिट'च्या 1937च्या पहिल्या आवृत्तीत गॅन्डाल्फ हा जादूगार थंड कोंबडी आणि टोमॅटो मागवतो. 1966च्या सुधारित आवृत्तीत टोमॅटो गेले आणि लोणचं आलं. टोमॅटो अमेरिका खंडातला, 1492नंतर युरोपात पोचलेला; जुन्या उत्तर युरोपाचा वास असलेल्या त्या जगात तो उपरा वाटला असणार. पण गंमत पुढे आहे. बटाटे आणि तंबाखूही त्याच खंडातले, आणि ते दोन्ही त्या जगात राहिले. तंबाखूला त्यानं पुढच्या मोठ्या कादंबरीत वेगळं नाव दिलं आणि प्रस्तावनेत ती कुठून आली, कोणी पहिल्यांदा लावली याचा कुळवृत्तांतच सांगितला. म्हणजे तंबाखू रीतसर दारातून आत आली. टोमॅटो खिडकीतून शिरला होता.

त्यावरून तुमच्या मक्याचा निकाल लावू. मकाही 1492नंतरच अमेरिकेबाहेर पडला, तेव्हा मैत्रिणीचा आक्षेप माहितीच्या दृष्टीनं बरोबर आहे. पण तुमच्या राज्यात अटलांटिक महासागरच नाही, तर मका कुठल्या किनाऱ्यावरून यायचा? मला तो फारसा खुपत नाही. तरी त्या शेतात हेर लपतात एवढंच त्याचं काम असेल तर ज्वारी करा. तीही पुरुषभर उंच वाढते आणि हजारो वर्षांपासून पिकतेय. शब्द बदलायला दहा सेकंद लागतील. यावर मैत्रिणीशी वाद घालण्यात संध्याकाळ घालवू नका.

काचेवर तिचं अर्धंच बरोबर आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लोकांच्या खिडक्यांना काच होती. पण लहान तुकडे, हिरवट, जाड. उजेड आत यायचा, पलीकडचं नीट दिसायचं नाही. तुमची राणी 'भिंतभर काचेतून दूरवर येणाऱ्या सैन्याचे झेंडे न्याहाळते', तिथे गडबड आहे. खिडकी राहू द्या, झेंडे काढा. हिरवट काचेपलीकडे काहीतरी हलतंय आणि ते सैन्य आहे की वाऱ्यानं हलणारी झाडं हे राणीला कळत नाही, असं केलंत तर तिला खिडकी उघडावी लागेल.

धनुर्धरांचा प्रसंग मात्र दोन फुल्यांच्याच लायकीचा आहे, माफ करा. सेनापती 'ताणा!' म्हणते आणि मग शत्रू टप्प्यात येईपर्यंत जन्मभूमीवर पाऊण पान बोलते, तीनशे धनुर्धर दोरी कानापर्यंत ओढून ऐकत उभे. 1545मध्ये बुडालेलं 'मेरी रोझ' हे इंग्रज लढाऊ जहाज 1982मध्ये वर काढलं, त्यावर शंभरावर धनुष्यं मिळाली. ती ताणायला साधारण 45 किलोंपासून वर, काहींना 80 किलोंच्या आसपास जोर लागत असावा असा अंदाज आहे. एवढं वजन एका हातानं मागे खेचून माणूस दोन-तीन श्वास धरील. भाषण ऐकत बसणार नाही. युद्धातला धनुर्धर ताणतो आणि सोडतो, एकाच हालचालीत. भाषण आधी करा, किंवा मुळीच करू नका. (मुळीच करू नका.)

आणि आता सेनापती. इथे मी तुमच्या बाजूनं उभी आहे. स्वीडनमध्ये बिरका इथं 1878मध्ये व्हायकिंग काळातली एक कबर उघडली. तलवार, कुऱ्हाड, भाला, बाण, दोन ढाली, दोन घोडे. हा मोठा योद्धा, म्हणजे पुरुष, असं सगळ्यांनी शंभराहून अधिक वर्षं धरून ठेवलं. 2017मध्ये हाडांच्या डीएनए तपासणीचा निकाल आला. बाई निघाली. ती प्रत्यक्ष लढली का, यावर अभ्यासक अजून वाद घालतात, घालू देत. आपण 'असं नसायचं' म्हणतो तेव्हा पुष्कळदा 'असं मी वाचलेलं नाही' एवढाच त्याचा अर्थ असतो. व्हायकिंगांच्या शिरस्त्राणाला शिंगं असतात हे आज शेंबडं पोर सांगेल. ती शिंगं रूढ झाली 1876च्या एका जर्मन ऑपेराच्या वेशभूषेपासून. व्हायकिंगांना त्यांचा पत्ताच नव्हता. वाचकाच्या डोक्यातला इतिहास हा असा बराचसा दुसऱ्या गोष्टींतूनच आलेला असतो. तेव्हा बाईला सेनापती ठेवा. फक्त ती तिथवर कशी पोचली हे एका परिच्छेदात कळू द्या, म्हणजे तीही दारातून आत येईल.

याला आणखी एक बाजू आहे, आणि ती लेखकाला जास्त छळते. कधी कधी खरी गोष्टच खोटी वाटते. टिफनी हे नाव ऐकलं की आपल्याला गेल्या पन्नास वर्षांतली कोणी तरुणी दिसते. प्रत्यक्षात ते थिओफानिया या ग्रीक नावावरून आलेलं, मध्ययुगीन इंग्लंड-फ्रान्समध्ये 6 जानेवारीच्या सणाच्या आसपास जन्मलेल्या मुलींना ठेवत. पण बाराव्या शतकातल्या किल्ल्यात टिफनी आणून बघा, वाचक हसेल. ग्रीकांचे संगमरवरी पुतळे भडक रंगवलेले असत, पण देवळात निळ्या दाढीचा देव उभा केलात तर तुम्हालाच अडाणी ठरवतील. 1901मध्ये अँटिकिथेरा बेटाजवळच्या बुडालेल्या जहाजातून एक दातेरी चक्रांचं यंत्र वर आलं, दोन हजार वर्षांपूर्वीचं, ग्रहणांचे हिशेब करणारं. ते एखाद्या कादंबरीत असतं तर माझ्यासकट सगळ्यांनी 'छे' म्हटलं असतं.

'पण हे खरं आहे!' हा युक्तिवाद कादंबरीत उपयोगाचा नाही. वाचकाशेजारी बसून तुम्ही पुरावे दाखवणार नाही. अशा वेळी मी एक युक्ती वापरते. वाचकाला जे खटकणार ते आधी एखाद्या पात्रालाच खटकू द्यायचं. परगावचा व्यापारी त्या चक्रांच्या यंत्राकडे बघून 'ही काय भानगड' म्हणाला, की वाचकाला सोबत मिळते. आणि टिफनीचं म्हणाल तर नाव बदला. सत्यासाठी इतकं हट्टाला पेटू नये.

तुमच्या मैत्रिणीच्या नजरेतून एक गोष्ट सुटली, ती मी धरते, कारण तो माझा धंदा आहे. भाषा. तुम्ही पाठवलेल्या बारा पानांत तोफा नाहीत, बंदुका नाहीत, रेल्वे तर नाहीच नाही. पण राजसभेत 'प्रश्नांची सरबत्ती' झडते. मंत्र्याची धमकी 'फुसका बार' निघते. राणीला 'विजेचा झटका बसावा' तसं होतं. शेवटी राज्याचा कारभार 'पुन्हा रुळावर' येतो. सरबत्ती बंदुकींची, बार दारूचा, झटका वीजवाहिनीचा आणि रूळ आगगाडीचे. घटना काटेकोर काल्पनिक, आणि वाक्प्रचारांतून मात्र एकोणिसावं-विसावं शतक फिरतंय.

यावर घाबरून अतिसोवळं होऊ नका. 'हजार', 'जमीन', 'जखम' हे शब्द फारसी-अरबीतून आले म्हणून गाळायला बसलात तर पहिलं पानसुद्धा पुरं होणार नाही, आणि झालंच तर ते कीर्तनाच्या पुस्तकासारखं वाचावं लागेल. 'बादली' पोर्तुगीज आहे हे वाचकाच्या कानाला ऐकू येत नाही, ती खुशाल भरा. रूळ मात्र ऐकू येतो. मोठ्यानं वाचा आणि कान काय दाखवतो ते बघा. शब्दकोश उघडायची गरज नाही. 'मिनिटभर थांब' हेही असंच. मिनिटाचा काटा घड्याळात सर्रास दिसायला लागला तो डच शास्त्रज्ञ हायगेन्सनं 1656मध्ये लंबकाचं घड्याळ काढल्यावर. त्याआधी कोणी सामान्य माणूस मिनिटं मोजत नव्हता. 'घटकाभर', 'श्वासभर', 'पातं लवायच्या आत' ही आपली हक्काची मापं आहेत. किंवा तुमच्या राज्याचं एखादं माप बनवा. तुमच्या नदीकाठच्या लोकांनी 'नदीचं एक वाक्य होईपर्यंत' असं म्हटलं तर? हे मला आत्ता लिहिता लिहिता सुचलं. आवडलं तर घ्या.

'आता मी किती अभ्यास करू?' हा तुमचा पुढचा प्रश्न मला दिसतोय. थोडा. खरंच थोडा. शेक्सपिअरच्या 'ज्युलियस सीझर'मध्ये घड्याळाचे तीन टोले पडतात, आणि प्राचीन रोममध्ये टोल्यांचं घड्याळ नव्हतं. नाटक चारशे वर्षं चाललंय, कारण त्या टोल्यांवर कोणाचा जीव अवलंबून नाही. तुमच्या घोड्यावर अवलंबून आहे. निरोप वेळेत पोचला म्हणून युद्ध टळलं, म्हणजे अख्खं तिसरं प्रकरण त्या चार पायांवर उभं. जिथे गोष्टीचा भार पडतो तिथली जमीन तेवढी ठोकून पाहा. बाकी ठिकाणी पायरी थोडी वाकडी असली तरी लोक चढून जातात. आणि जे शोधून काढाल त्यातलं नव्वद टक्के पानावर आणू नका. चकमकीचा अभ्यास झाला म्हणून प्रत्येक चुलीपाशी ती झाडत बसलेल्या लेखिका मी पाहिल्यात. त्यात एके काळी मीही होते.

मग तुमच्या बाबतीत एवढंच. दूताच्या प्रसंगाला ठाणी द्या, किंवा घोडा तुमच्या जातीचा करा. पंखवाले साप आहेत तर न थकणारा घोडाही असू शकतो, पण तो पान 63वर अचानक नको. पान 20च्या आसपास तबेल्यात दिसू दे, त्याच्या वाऱ्याला कोणी उभं राहत नाही असं असू दे, आणि त्याच्यावर बसणाऱ्याला काय किंमत मोजावी लागते तेही कळू दे. मग तोच घोडा तीन दिवस काय, तीस दिवस पळवा. दोन्हीतला कुठला मार्ग घ्यायचा ते तुम्ही ठरवा. मी तबेल्याच्या बाजूची आहे हे एव्हाना कळलंच असेल.

सगळं उरकलं की हस्तलिखित त्याच मैत्रिणीकडे द्या. पेन्सिलही द्या.

आणि ती नदी. बारा पानांत ती फक्त दोनदा बोलते, दुसऱ्यांदा त्या मेलेल्यांच्या कारकुनाशी, आणि तो तिला शिल्लक विचारतो. त्या पानावर मैत्रिणीची एकही खूण नाही, माझीही नाही. तिथे एका शब्दालाही हात लावू नका.